संस्थापकांचा खिळा

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता शाळेच्या तळमजल्यावरच्या व्हरांड्यात दोरीला शेवटचा चिमटा लागला आणि संस्थेचे संस्थापक माकडाचे वंशज झाले.

त्या वेळी ही गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. ज्यांनी तो चिमटा लावला त्या चौथीच्या बाईंच्याही नाही. बाई स्टुलावरून उतरल्या, त्यांनी हात झटकले, मागे सरून दोरीकडे पाहिले आणि त्यांना मनापासून बरे वाटले. पुढे या प्रकरणात दोन बाजू पडल्या आणि जो तो आपल्या सोयीचे सांगू लागला, म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने सांगितलेले बरे.

चौथीच्या पुस्तकात सजीव कसे बदलत गेले यावर दीड पान होते आणि त्यातले अर्धे चित्राने खाल्ले होते. धडा वाचून दाखवायचा, खालचे दोन प्रश्न सोडवून घ्यायचे आणि पुढच्या धड्याला लागायचे, अशी शाळेची वहिवाट होती. बाईंना ती मान्य नव्हती. त्यांच्या वर्गात एक नियम होता. कुणीही काहीही सांगितले, अगदी बाईंनी सांगितले तरी, हात वर करून ‘कशावरून?’ असे विचारायचे. समोरच्याने कारण दिले तर ऐकायचे. समोरचा चिडला तर कारण त्याच्यापाशी नाही असे धरून चालायचे.

हा नियम वर्गाच्या दाराशी थांबला असता तर काही बिघडले नसते. पण तो डब्यांबरोबर घरोघर गेला. एका मुलाचे वडील शाळेत येऊन तक्रार करून गेले. “मी म्हटलं, तुझ्याएवढा असताना मी पहाटे पाचला उठून अभ्यास करायचो. तर कार्टं म्हणतं, कशावरून? आता पुरावा कुठून आणू? शेवटी आईला फोन लावला. ती म्हणाली, तू? पाचला?”

धड्याच्या पहिल्याच दिवशी बाईंनी सगळ्यात अवघड गाठ सोडवून टाकली होती. “माकड आपले आजोबा नाहीत,” त्यांनी वर्गाला सांगितले. “चुलतभाऊ आहेत. आजोबा एकच, फार फार जुने. त्यांची नातवंडं दोन घरांत वाढली. एका घरातली झाडावर राहिली आणि दुसऱ्या घरातली शाळेत यायला लागली.”

“कशावरून?” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

मग बाईंनी दगडात उमटलेल्या हाडांचे फोटो दाखवले, माणसाचा हात आणि वटवाघळाचा पंख यांतली हाडे शेजारी शेजारी काढून दाखवली, प्रत्येकाला आपापल्या पाठीच्या टोकाशी शेपटीचे उरलेले हाड चाचपायला लावले. शेवटी, गुण पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात ते कळावे म्हणून, आपले कान कुणावर गेलेत ते घरी बघून यायला सांगितले. या अभ्यासात पहिली आली ती वर्गात ‘वकील’ म्हणून ओळखली जाणारी मुलगी. तिचे कान डोक्याशी काटकोन करून उभे होते. तसेच तिच्या आजोबांचे होते. तसेच व्हरांड्यात लावलेल्या तसबिरीतल्या तिच्या पणजोबांचे होते. पणजोबा म्हणजे संस्थेचे संस्थापक, आणि आजोबा म्हणजे संस्थेचे विद्यमान अध्यक्ष.

यानंतर चित्रे झाली. मासा, पायांचा मासा, पाल, उंदीर, माकड, बिनशेपटीचे माकड, कमरेत वाकलेला केसाळ माणूस. शेवटचा सरळ उभा माणूस मात्र अडला. तो कसा दिसावा यावर वर्गात एकमत होईना. जितकी मुले तितकी चित्रे आली आणि प्रत्येक चित्रात चित्रकाराची आई होती. कुणाची आई मानवजातीच्या वतीने उभी करावी हा निवाडा बाईंनी पुढच्या आठवड्यावर ढकलला आणि तेवढी जागा रिकामी सोडली.

आता दोरी कुठे बांधायची? सुट्टीत शाळेला नवा रंग लागला होता. मुख्याध्यापकांचा त्या रंगावर जीव होता. भिंतीला खिळा ठोकायला, चिकटपट्टी लावायला आणि पाठ टेकायला त्यांनी सक्त मनाई केली होती. त्यामुळे वर्गांच्या बाजूच्या सगळ्या भिंतीत मिळून एकच खिळा उरला होता, आणि त्यावर संस्थापकांची तसबीर होती. बाईंनी दोरीचे एक टोक नळाच्या पाइपाला बांधले आणि दुसरे त्या खिळ्याला. चिमटे घरून आणले होते. गच्चीवरच्या उन्हाने ते जरा सैल पडले होते, पण कागदाचे वजन ते किती!

मधल्या सुट्टीत दुसरीची रांग पाणी प्यायला आली. परत जाताना मुले नळापासून एकेक चित्र मोठ्याने वाचत निघाली. “मासा. पायांचा मासा. पाल. उंदीर. माकड. बिनशेपटीचं माकड. वाकलेला माणूस. संस्थापक.”

तसबिरीच्या शेजारचेच दार मुख्याध्यापकांच्या ऑफिसचे होते. ते बाहेर आले. त्यांनी दोरी एकदा डावीकडून उजवीकडे पाहिली, मग उजवीकडून डावीकडे पाहिली, आणि चौथीच्या दाराशी जाऊन अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “बाई, जरा बाहेर येता?”

“काय झालं सर?”

“हे बघा. इथून इथपर्यंत बघा. आणि मग इथे कोण आहेत ते बघा.”

बाईंनी पाहिले आणि त्यांना हसू आले. सगळे त्या हसण्यापासून बिघडले, असे मुख्याध्यापकांचे आजही म्हणणे आहे.

“माणसाची जागा रिकामी आहे ना सर, म्हणून तसं दिसतंय. आणि समजा दिसलं, तरी चूक काय? संस्थापक माणूसच होते.”

“होते! पण असे नव्हते!”

“असे म्हणजे?”

“असे... वाकलेल्याच्या पाठोपाठचे नव्हते!” मुख्याध्यापकांनी घाम पुसला. हा माणूस वाईट नव्हता. आजवरची सगळी नोकरी त्यांनी ‘नको ना’ या दोन शब्दांवर काढली होती आणि त्या दोन शब्दांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता. “बाई, गुरुवारी अध्यक्षसाहेब येतायत. रंग बघायला. तुमची कायम होण्याची ऑर्डर त्याच दिवशी त्यांच्यापुढे ठेवणार आहे मी. दोन वर्षं तात्पुरत्या म्हणून काढलीत. आता सहीपुरतं राहिलंय. घास तोंडाशी आलाय, आणि तुम्ही मधे माकड कशाला घालता? नको ना बाई. काढा ते.”

“मुलांनी आठवडाभर खपून केलंय. काढलं तर त्यांना कारण काय सांगू?”

“सांगा की... वारा फार आहे. उडून जाईल.”

“कशावरून?” चौथीच्या दारातून आवाज आला. व्हरांड्याच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या.

मुख्याध्यापक ऑफिसात परतले. तसबीर हलवावी, तर ती अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने लावलेली. त्यांना विचारल्याशिवाय हात लावायची सोय नाही, आणि विचारायचे तर कारण सांगावे लागणार. रात्रभर विचार करून मंगळवारी सकाळी त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक सूचना लिहिली आणि वाकलेला माणूस आणि तसबीर यांच्या मधोमध चिमट्याने लटकवली. सूचनेत म्हटले होते: ‘यापुढील तसबिरीचा अलीकडील चित्रांशी कोणताही संबंध नाही. मुख्याध्यापक.’

तोवर ही गोष्ट दुसरीची मुले, चौथीचा वर्ग आणि मुख्याध्यापक यांनाच ठाऊक होती. दुपारपर्यंत ती सगळ्या शाळेला कळली. संध्याकाळी मुलांना न्यायला येणारे पालक फाटकाशी न थांबता आत येऊ लागले आणि संबंध नसलेली तसबीर पाहून जाऊ लागले. कानांची चर्चा झाली. बुधवारी सकाळी सूचनेखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला आढळला: ‘कशावरून?’

अक्षर ताडून पाहावे म्हणून मुख्याध्यापकांनी चौथीच्या प्रत्येक मुलाकडून तो शब्द कागदावर लिहून घेतला. मुलांनी तो हौसेने लिहिला आणि मग तोंडीही विचारला. त्यातच दोरीच्या ताणाने नळाचा पाइप ढिला झाला आणि तोटी ठिबकू लागली. शिपाईमामांनी खाली बादली ठेवली. पाइप सरकला तशी दोरीही तसबिरीच्या बाजूला उतरती झाली. या उताराकडे कुणी लक्ष दिले नाही. पुढे जे झाले ते त्या उतारामुळे झाले.

बुधवारी संध्याकाळी बाईंच्या घरी वेगळाच खटला उभा होता. सासूबाई ओल्या कपड्यांची बादली घेऊन बसल्या होत्या.

“माझे चिमटे कुठायत?”

“शाळेत आहेत आई. धड्यासाठी नेलेत.”

“म्हणजे माकडं तिथे वाळतायत आणि माझी चादर इथे ओली.” सासूबाईंना शाळेतले सगळे ठाऊक होते, खालच्या मजल्यावरचा मुलगा चौथीत होता. “हे बघ, माझं ऐक. उद्याच्या दिवस ते प्राणी काढून ठेव. साहेब येऊ देत, सही करू देत, जाऊ देत. परवा परत लाव. इतकी लाखो वर्षं थांबलेत बिचारे, एक दिवस थांबायला काय होतं त्यांना?”

“प्राणी थांबतील हो आई, पण मुलं बघतायत ना. मी त्यांना सांगितलंय, पुरावा आल्याशिवाय मत बदलायचं नाही. उद्या मोठा माणूस आला म्हणून मीच दोरी गुंडाळली, तर माझा दीड पानाचा धडा त्यांनी कशाला लक्षात ठेवायचा? साहेब म्हणजे काही पुरावा नाही.”

“आणि ऑर्डर?”

“ऑर्डर हवीच आहे मला. पण ती मागायला मी वाकून जाणार नाही.”

“वाकलेला माणूस झाला वाटतं काढून,” सासूबाई म्हणाल्या. बाईंचे यजमान कोपऱ्यात मोबाइल बघत होते. त्यांनी मान वर केली आणि शहाणपणाने पुन्हा खाली घातली. सासूबाईंनी चादर पिळली. “मला विचारशील तर तुझ्या त्या धड्याबद्दल मला कधीच शंका नव्हती. चाळीस वर्षं तुझ्या सासऱ्यांशी संसार केलाय मी. पण असल्या गोष्टी माणसाने मनात ठेवायच्या असतात गं.”

गुरुवारी अकरा वाजता अध्यक्ष आले. गंभीर, भारदस्त, पांढऱ्या केसांचे गृहस्थ. चालताना हात मागे बांधलेले. कान वर सांगितल्याप्रमाणे. मुख्याध्यापकांनी त्यांना दुसऱ्या जिन्याने वर नेण्याचा बेत केला होता, पण तिथला रंग अजून ओला होता. मग व्हरांड्यातून जाताना ते सतत समोरच्या खिडक्यांकडे बोट दाखवत राहिले. “साहेब, हे गज बघा. गजांना काय छान रंग बसलाय.” अध्यक्ष बादलीला अडखळले. अडखळल्यावर माणूस आधारासाठी भिंतीकडे बघतो. भिंतीकडे पाहिल्यावर त्यांना मासा दिसला, आणि माशापासून ते एकेक पाऊल टाकत सूचनेपाशी येऊन थांबले.

“यापुढील तसबिरीचा,” त्यांनी वाचले. मग पेन्सिलीतला शब्द वाचला. मग बिनशेपटीच्या माकडाकडे बराच वेळ पाहिले. ते चित्र वकिलाने काढले होते, आणि कान काढायला तिला घरचेच नमुने मिळाले होते. अध्यक्षांचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला.

“हा काय चावटपणा आहे?”

चौथीचा वर्ग दारात गोळा झाला होता. बाई पुढे आल्या. “चावटपणा नाही साहेब, चौथीचा धडा आहे. सूचना माझी नाही.”

“माझे वडील तुम्ही माकडांच्या रांगेत उभे केलेत?”

“मी उभे केले नाहीत. खिळा एकच होता. पण खरं विचाराल तर त्या रांगेत तुम्ही, मी, सर, सगळेच आहोत. मी ते मुलांना शिकवलंय आणि पुन्हा शिकवीन.”

“नको ना बाई,” मुख्याध्यापक पुटपुटले.

“काढा हे!” अध्यक्ष गरजले. “आधी तो वाकलेला काढा. वडिलांना लागून नको.”

मामांनी स्टूल आणले. सूचना काढली, वाकलेला माणूस काढला. दोरीला उतार होता आणि चिमटे सैल होते. वाकलेला जाताच उरलेली सगळी चित्रे सुळकन सरकली आणि बिनशेपटीचे माकड संस्थापकांच्या खांद्याला खांदा लावून थांबले. दोघांचे कान आता शेजारी शेजारी आले.

“तेही काढा!”

ते काढले. शेपटीवाले सरकत आले.

“अहो, हे तर जास्त वाईट! काढा!”

मग उंदीर आला. उंदरामागून पाल आली. “साहेब,” मामा स्टुलावरून म्हणाले, “मी आपला हुकमाचा ताबेदार. पण जितकं काढतोय तितके मोठे साहेब खाली खाली चाललेत.”

“बडबडू नका. काढा!”

पायांचा मासा आला नि गेला. शेवटी दोरीवर एकटा मासा उरला, तो लांबून घरंगळत आला आणि तसबिरीला टेकला. संस्थापक फोटोग्राफरसमोर जरा दचकले असावेत. तसबिरीत त्यांचे डोळे वाटोळे आणि तोंड किंचित उघडे होते. माशाचेही तसेच होते. बादलीत एक थेंब पडला तो सगळ्यांनी ऐकला.

“लावा,” अध्यक्ष घोगऱ्या आवाजात म्हणाले. “सगळी परत लावा. निदान मधे अंतर तरी होतं.”

मामांनी चित्रे पुन्हा लावली. बाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. चार दिवसांत एक पाऊल मागे घेतले नव्हते आणि जिंकत आल्याचे त्यांना दिसत होते. अशा वेळी वर्गातून एक हात वर झाला. वकिलाचा होता.

“आजोबा, हे चित्र चूकच आहे.”

अध्यक्षांचा चेहरा उजळला. “ऐका! ऐका, माझी नात काय म्हणते!”

“बाई, तुम्ही म्हणाला होतात ना, माकड आपले आजोबा नाहीत, चुलतभाऊ आहेत?”

“हो, म्हणाले होते.”

“मग ते आपल्या आधी, एकाच दोरीला का लावलंय? असं लावलं की ते आजोबाच वाटतात. आणि ही पाल तर आमच्या स्वयंपाकघरात आहे. अजून आहे. मग ती आपली खापरपणजी कशी असेल? तीपण कुणाची तरी चुलतच असणार. दोरी एक नको होती बाई. फांद्या पाहिजे होत्या.”

बाईंनी दोरीकडे पाहिले. सोमवारपासून त्यांनी ती दोरी मुख्याध्यापकांपासून राखली होती, पालकांपासून राखली होती, सासूबाईंपासून राखली होती. तिच्यासाठी आपली ऑर्डर पणाला लावली होती. आणि दोरी चूक होती. पुस्तकातल्या चित्रात फांद्याच होत्या. व्हरांडा लांबट आणि दोरी सरळ, म्हणून सजीवसृष्टी सरळ झाली होती.

“बोला बाई,” अध्यक्ष म्हणाले. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

“बरोबर आहे तिचं,” बाई म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा स्वच्छ निघाला. “माझी चूक झाली. हे मी काढते.” त्या मुलांकडे वळल्या. “बघा, आता कुणी रागावलं म्हणून मी काढत नाहीये. हिने कारण दिलं म्हणून काढतेय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परीक्षेत हे येणार नाही, तरी लक्षात ठेवा.”

त्यांनी स्वतःच्या हाताने चित्रे उतरवली. अध्यक्ष भलतेच खूश झाले. चूक मान्य करणारा शिक्षक आपण पहिल्यांदाच पाहतो आहोत, असे ते म्हणाले, आणि नातीच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर त्यांनी शब्द दिला. “जे बरोबर असेल ते लावा. तुम्हाला पूर्ण मोकळीक. फक्त नळ सोडा, भिंत सोडा. मी आत चहा घेतो, तोवर होऊ दे. मग आपण ती सहीही उरकून टाकू.”

बाई कामाला लागल्या. फांद्या म्हणजे एका बुंध्यापासून निघून समोर पसरणाऱ्या अनेक दोऱ्या. प्रत्येक दोरीच्या टोकाला आजचा एक प्राणी, सगळे एका रांगेत, कुणी कुणाच्या वर नाही. टोके बांधायला समोर खिडक्यांचे गज होते. सगळ्या दोऱ्या जिथून निघायच्या ते मूळ मात्र भिंतीच्या बाजूलाच हवे होते. भिंतीला नवा खिळा चालत नव्हता. चिकटपट्टी चालत नव्हती. पाइप आता अध्यक्षांनीच बाद केला होता. राहता राहिला एकच खिळा. वर्गाने हौसेने दोऱ्या ताणल्या; मासा, बेडूक, पाल, उंदीर, माकड सगळे टोकांना लागले. माणसाच्या टोकाला वकिलाने स्वतःचेच चित्र लावले, कारण एव्हाना तिच्याशी वाद घालायला कुणी तयार नव्हते. मुळाशी बाईंनी सगळ्यांचा तो फार फार जुना पूर्वज म्हणून एक ठिपका काढलेला कागद लावला. कागद लहान होता, तो तसबिरीमागे गेला.

अध्यक्ष चहा घेऊन बाहेर आले. दोऱ्यांखालून त्यांना कमरेत वाकून यावे लागले. मागोमाग मुख्याध्यापकही वाकून आले. चौथीतल्या दोघातिघांनी हे दृश्य बाजूला काढून ठेवलेल्या एका चित्राशी ताडून पाहिले.

अध्यक्ष सरळ उभे राहिले आणि त्यांनी पाहिले. त्यांच्या वडिलांच्या तसबिरीपासून, सूर्यापासून किरण निघावेत तशा, दोऱ्या निघाल्या होत्या. एकीच्या टोकाला मासा होता, एकीच्या टोकाला माकड, एकीच्या टोकाला त्यांची नात.

“वा!” ते म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. “वा, बाई! याला म्हणतात शिक्षण. माझ्या मनातलं होतं हे. सर्वांचं मूळ! हे कायम असंच ठेवायचं. सर, पेन द्या.”

मुख्याध्यापकांनी पेन दिले. टोपणही स्वतःच काढून दिले. ऑर्डर त्यांच्या हातातच होती. व्हरांड्यात तेवढ्यापुरते सगळे सुखी होते.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “हे चूक आहे.”

“नको ना बाई!” हे मुख्याध्यापक या वेळी ओरडून म्हणाले.

“चूक आहे. तुमच्या वडिलांपासून बेडूक झाले नाहीत. त्यांच्या मागे एक ठिपका आहे, मूळ तो आहे. तो दिसायला हवा. तसबिरीपासून हातभर लांब मला एक खिळा द्या, मी बरोबर करून देते.”

“सकाळी माझे वडील माकडानंतर आले, ते तुम्हाला चालत होतं. आता सगळ्यांच्या आधी आले, तर चालत नाही?”

“मला मधलं खरं चालतं साहेब. मान द्यायला चूक, आणि अपमान टाळायला चूक, दोन्ही मुलांना शिकवायला मी इथे नाही.”

“हे असंच राहणार असेल तर सही.”

“मग सही राहू द्या.”

अध्यक्षांनी पेनाला टोपण लावले. वाकून दोऱ्यांखालून गेले.

शुक्रवारी सकाळी तसबिरीखाली चौथीच्या वर्गाची सूचना लागलेली होती. अक्षर मोठे आणि शुद्धलेखन तपासलेले होते: ‘हे चित्र चूक आहे. बरोबर करायला एक खिळा कमी पडतो. इयत्ता चौथी.’ मुख्याध्यापक ती दिवसातून तीनदा काढायला गेले. प्रत्येक वेळी कुणीतरी मूल जवळ येऊन उभे राहिले आणि काही न बोलता नुसते बघत राहिले. तिसऱ्या वेळी तर त्या मुलाने तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले, “माहितीय मला, माहितीय,” आणि आत गेले. घरी सासूबाईंनी काय झाले ते विचारले नाही. कपडे त्यांनी खुर्च्यांच्या पाठींवर वाळत घातले होते. “चिमटे राहू देत तिथेच,” त्या म्हणाल्या. “आता सुरुवात केलीच आहेस तर अर्धवट नको.”

शनिवारी सकाळची शाळा भरते न भरते तोच ऑफिसातला फोन वाजला. अध्यक्ष होते. आवाज झोप न झालेल्या माणसाचा होता.

“सर, परवापासून घरात दुसरा विषय नाही. जेवायला बसलो की ती विचारते, आजोबा, पणजोबांपासून बेडूक झाले, कशावरून? उत्तर दिलं नाही तर म्हणते, तुमच्याकडे कारण नाही. रागावलो तर म्हणते, आता तर नक्कीच नाही. माझी बायको तिला सामील आहे.”

“लहान आहे साहेब. मी बाईंना पुन्हा एकदा समजावतो.”

“ते राहू द्या. मला एक सांगा. त्या भिंतीत खिळा ठोकला तर रंगाचा पोपडा निघतो, असं तुम्ही म्हणता.”

“निघणार साहेब! निघणारच!”

“कशावरून?”

मुख्याध्यापकांनी रिसीव्हर या हातातून त्या हातात घेतला.

“तुम्ही कधी ठोकून पाहिलाय?” अध्यक्षांनी विचारले.

“नाही.”

“मग एक ठोकून पाहा. मी येतोय बघायला. ती ऑर्डर टेबलावर ठेवा. सही करीन असं मी म्हणत नाही. ठेवा फक्त.”

नऊ वाजता अध्यक्षांची गाडी फाटकातून आत शिरत होती. शिपाईमामा हातोडी घेऊन स्टुलावर चढले होते. बाईंनी तसबिरीपासून हातभर अंतर मोजून भिंतीवर पेन्सिलीने एक ठिपका काढला होता. त्याच्या भोवती चौथीचा सगळा वर्ग दोन गटांत उभा होता. पोपडा निघेल म्हणणारे डावीकडे, निघणार नाही म्हणणारे उजवीकडे. वकील एकटी मधे उभी होती. पाहिल्याशिवाय आपण काही बोलणार नाही, असे तिने सांगितले होते. मुख्याध्यापक डावीकडच्या गटात, मुलांच्या मागे उभे होते. बाईंनी त्यांना कुठे उभे राहायचे ते सुचवले नव्हते.

ऑफिसातल्या टेबलावर ऑर्डर होती आणि तिच्यावर टोपण काढलेले पेन होते. मामांनी खिळा ठिपक्यावर धरला आणि हातोडी मागे नेली.